पिठाचा डबा अमेरिकेला निघतो

आमच्या खाडीकाठच्या गावातून कोणी आखातात जाऊन आलं की पहिले आठ दिवस त्याचं ऐकून घ्यायचं आणि पुढचे आठ दिवस त्यातलं खरं किती ते निवडत बसायचं, अशी रीत आहे. माझ्या बाबतीत लोक निवडायच्या भानगडीत पडत नाहीत. दत्ता पेटीवाला म्हणजे मी. अर्धी हयात आंब्याच्या पेट्या भरण्यात गेली आणि अर्धी थापा मारण्यात, असं माझी बायको पाहुण्यांना चहाबरोबर सांगते. मी भरलेली एक पेटी एकदा कशेडी घाटात ट्रकवरून पडली, दरीत कोलांट्या खात गेली, आणि खालच्या माणसाने उघडून बघितलं तर आंबे पेंढ्यात झोपलेले होते. हे खरं आहे. दरीची खोली थोडी कमीजास्त असेल.

तर २००१ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी अल ऐनला जाऊन आलो. तुम्ही गेला नसाल म्हणून लिहितो. यात उंट आहेत, खजूर आहेत, कनाद नावाचा मासा आहे. पण सगळ्यात जास्त भीती आहे, आणि तिच्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घालायला जागाच नव्हती.

विमानात

उस्मान मुकादम माझा लंगोटीयार. आमच्या आणि त्याच्या वाडीत एक व्हाळ आड आहे, आणि त्या व्हाळात आम्ही दोघं एकाच दिवशी बुडालो आणि एकाच माणसाने आम्हाला केसांना धरून वर काढलं. उस्मानने पुढं अल ऐनला जाऊन कंदुरे शिवायचं दुकान टाकलं. कंदुरा म्हणजे अरबांचा तो घोट्यापर्यंतचा पांढरा झगा. वीस वर्षं तो मला बोलावत होता. या वर्षी त्याने व्हिसाच पाठवला.

आखातात निघालेला माणूस हा आमच्याकडं गावाचा टेम्पो असतो. कोणी सुकट दिली, कोणी आमसुलं, कोणी फणसाचे पापड. उस्मानची बहीण जैतून हिने तांदळाचं पीठ दिलं. मुकादमांच्या स्वतःच्या शेतातला तांदूळ, धुऊन, सावलीत वाळवून, दळून, मलमलीतून चाळलेला. एवढं पांढरं की पिशवीत डोकावलं तर डोळे दिपत. मुंबईच्या विमानतळावर साहेबाने ती पिशवी दाबून बघितली.

"काय आहे?"

"पीठ."

"मोदकाचं?"

"भाकरीचं."

"बरं," असं म्हणून त्याने पिशवी सोडली. तेव्हा मला काय माहीत की महिनाभर सगळी दुनिया फिरलो असतो तरी एवढा समंजस माणूस पुन्हा भेटला नसता.

विमान अर्धं रिकामं. अमेरिकेतले ते दोन मनोरे पडून महिना उलटला होता, आणि जो तो बसल्या जागी शेजाऱ्याला तपासत होता. माझ्या आयुष्यातला हा पहिलाच विमानप्रवास, त्यामुळे मला ढग बघायचे होते. पण मीही बाकीच्यांसारखा माणसंच बघत बसलो. पुढच्या रांगेतला एक दाढीवाला म्हातारा लघवीला उठला आणि सगळं विमान श्वास धरून बसलं. तो परत येऊन बसला तेव्हा जो एकत्र सुस्कारा निघाला, त्याने विमान दुबईला वीस मिनिटं आधी पोचलं. जेवणाबरोबर सुरी दिली ती प्लास्टिकची. तिने बटरसुद्धा कापलं जाईना. मी बटर बोटाने लावलं आणि शेजारच्याला म्हटलं, "आता बोटंही काढून घेतील." तो हसला नाही. त्याने माझी बोटं बघितली.

अल ऐन

उस्मान जुनी गाडी घेऊन आला होता. दुबईची काचेची घरं मागं पडली आणि दोन्ही बाजूंना वाळू सुरू झाली. आमच्याकडं वाळू म्हणजे खाडीच्या कडेला काढलेली एक रेघ. इथं वाळूच सगळी, आणि रस्ता ही रेघ. तीही दोन्हीकडून दिव्यांनी लखलखलेली, कोणी जात नसलं तरी. उंट त्या दिव्यांखाली लग्नाला उशीर झालेल्या व्याह्यांसारखे उभे होते.

अल ऐन मात्र हिरवं. खजुराच्या बागा, आणि बागांतून फलज नावाचे पाण्याचे पाट, अगदी आमच्या पोफळीच्या बागेतल्या पन्हळीसारखे. पाणी वळवायला माणूस तिथंही पायानेच माती सरकवतो. ते बघून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी चप्पल काढून पाटात उतरलो. लगेच एका बागवानाने अरबीत हाक मारली. उस्मान म्हणाला, "तो पाय स्वच्छ आहेत का ते विचारतोय." मी पाय वर करून दाखवले. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

घरी सकीनावहिनी दारातच उभ्या. त्यांच्यामागं तेरा वर्षांची शबाना, जिला मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतच सुचतं. आणि सोफ्यावर जावेद, उस्मानचा थोरला, पंचवीस वर्षांचा. अमेरिकेत न्यू जर्सीला कॉम्प्युटरच्या कामावर. मनोरे पडले त्या दिवशी तो नदीच्या ह्या काठाला होता, मनोरे त्या काठाला. फोन लागेपर्यंत सकीनावहिनी टीव्हीसमोर बसून होत्या, आणि लागल्यावर त्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं: "मला तोंड दाखव." म्हणून तो रजा काढून आला होता. रजा संपत आली होती. वेळेत गेला नाही तर नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा जाणार. आणि जायचं म्हणजे त्या विमानतळांतून जायचं, जिथं सध्या त्याच्या नावाचा माणूस दिसला की बाजूला घेत होते.

दुपारच्या जेवणाला कनाद होता. कनाद म्हणजे आपली सुरमई, नाव बदलून आखातात कामाला लागलेली. वहिनींनी आमसूल घालून असं कालवण केलं होतं की मी आठ वाट्या प्यायलो. वहिनी तीन म्हणतात.

जेवण झाल्यावर उस्मानने मला टीव्ही दाखवला. लाकडी खोक्यातला, गाभण गाईएवढा. तो त्याने कुवेतच्या लढाईत घेतला, इराकवाल्याचं विषारी क्षेपणास्त्र इकडं येतंय का ते बघायला. तेव्हा बाजारातली चिकटपट्टी संपली होती, म्हणून उस्मानने खिडक्यांना प्लास्टिक लावून कंदुऱ्याचं कापड खिळ्यांनी ठोकलं, आणि मुलांना घेऊन दोघं नवरा-बायको त्या बंद खोलीत अमेरिकेची विमानं बघत बसले. पुढं अमेरिकेच्या अध्यक्षाचं ते बाईचं लफडं निघालं. तेव्हा मुलं बघतात म्हणून बातम्यांच्या वेळी टीव्हीवर वहिनींची ओढणी पडायची. मग दोन हजार सालाचा घोर लागला, बाराच्या ठोक्याला जगातले कॉम्प्युटर वेडे होणार म्हणून. त्या वेडावर औषध द्यायला अमेरिकेला पोरं हवी होती, त्यांत जावेद गेला. मग त्यांची निवडणूक झाली आणि महिनाभर मतपत्रिकांची भोकं मोजणं चाललं. उस्मान म्हणाला, आपल्या ग्रामपंचायतीतसुद्धा दुसऱ्या दिवशी गुलाल पडतो. आणि मग हा सप्टेंबर. आता अफगाणिस्तानावर बाँब पडत होते.

"दत्त्या," उस्मान म्हणाला, "पडतं ते तिकडं. मग आवाज माझ्या घरात कसा होतो?"

माझ्याकडं सगळ्याला उत्तर असतं. तेव्हा मी सुपारी कातरत बसलो.

हाफीतचा डोंगर

अल ऐनच्या डोक्यावर हाफीत नावाचा बोडका डोंगर आहे. एक झाड नाही, पण रस्ता असा की आपल्या घाटांनी लाजावं. वळणं इतकी की गाडीच्या पुढच्या दिव्यांना मागचे दिवे दिसतात. जावेद मला वर घेऊन गेला. खाली सगळं शहर, त्यापलीकडं ओमान. वारा गरम होता.

मी त्याला हसवायला म्हणून कशेडीच्या पेटीची गोष्ट सांगितली. दरी नेहमीपेक्षा खोल केली. तो हसला, आणि मग खाली बघत बोलायला लागला.

"काका, मी दाढी काढली ते आईला उन्हाळ्यामुळं सांगितलंय. गाडीला त्यांचा झेंडा लावलाय. लिफ्टमध्ये एकटी बाई असेल तर मी जिन्याने जातो. आईचा फोन रस्त्यात आला तर इंग्रजीत बोलतो. तिला वाटतं, पोरगा साहेब झाला."

"मग मराठीत बोल की."

"रस्त्यात मराठी बोललं की लोकांना अरबी वाटतं."

मला हसू आलं. मराठी आणि अरबी. जावेद हसला नाही, म्हणून मीही थांबलो.

"इकडं येताना माझ्या बॅगेत लोणच्याची बरणी होती. रिकामी. आईने निघतानाच सांगितलं होतं, बरणी परत आण. तुम्हाला माहीत आहे ना आईचं."

मला माहीत होतं. आमच्याकडं लेक परत नाही आली तरी चालते, बरणी यायला हवी.

"एकाने ती उघडली. आत मसाल्याचं लाल तेल लागलेलं. त्याने वास घेतला आणि दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. मला विचारलं, रिकामी बरणी कोणी कशाला नेतं. काका, मला सांगता येईना. मी कॉम्प्युटरला काहीही समजावू शकतो, पण ते नाही सांगता आलं. माझे हात थरथरायला लागले. हात थरथरले म्हणून त्यांनी आणखी दोन तास बसवलं."

खाली गाड्या मुंग्यांसारख्या वळत होत्या.

"आता काही नेणार नाही," तो म्हणाला. "कपडे आणि पासपोर्ट. आईला तुम्ही सांगा. माझं ऐकत नाही."

मी सांगितलं. सकीनावहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं, आणि कांदा चिरायला घेतला. बाईमाणूस इतक्या सहज "बरं" म्हणतं तेव्हा पुरुषाने सावध व्हावं. मी कालवणाच्या वासाने बेसावध होतो.

डबा

जाण्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी जावेदच्या दंडाला ताईत बांधला. संध्याकाळी तो मित्रांकडं गेला तशा त्या जैतूनच्या पिठाची पिशवी घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"दत्ताभाऊ, हे सांडणार नाय असं भरून द्या."

"वहिनी, तो नको म्हणालाय."

"तो नकोच म्हणणार. लहान होता तेव्हा अंघोळीलाबी नको म्हणायचा. तिकडं कागदासारखा ब्रेड खातो. आपल्या शेताचं हाय. चार भाकऱ्या होतील, तेवढे चार दिवस तो माझ्याकडं जेवला असं मला वाटंल."

आता तुम्ही म्हणाल, मी ठाम राहायला हवं होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर माल भरला त्याला "सांडणार नाही असं भरून द्या" म्हणणं म्हणजे बैलाला नांगर दाखवणं. मी दूध पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. पीठ थराथराने भरलं, वाटीने दाबलं, वर प्लास्टिक, झाकण, झाकणाला चिकटपट्टीचे वेढे, आणि त्यावर आमची पेटीची सुतळी, जिची गाठ सुटत नाही, कापावीच लागते. डबा तयार झाला तो बघून कुठल्याही देशाच्या पोलिसाला घाम फुटला असता. मला अभिमान वाटला. वहिनींनी तो जावेदच्या मोठ्या बॅगेत, दोन पँटींच्या मध्ये, खाली दडवला.

दुसरा दिवस शुक्रवार, तिकडं सुट्टी. सकाळी जावेद पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून निघाला. उस्मान त्याला दुबईच्या विमानतळावर सोडायला जाणार होता. नव्या तपासणीमुळं चार तास आधी जायचं होतं. जावेद वाकून माझ्या पाया पडला.

"काका, येताना तुम्ही सगळ्यांचं ओझं आणलंत," तो म्हणाला. "जातानाही रागावू नका."

"रागावतो कशाला? मी गावाचा टेम्पोच आहे."

गाडी गेली. वहिनी दाराशी थांबल्या आणि मग नको तितक्या वेळ भांडी घासत राहिल्या. शबानाने टीव्ही लावला.

टीव्हीवर अमेरिकेतलं पोस्ट ऑफिस दिसत होतं. नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली, तोंडाला नळ्या लावलेली माणसं चिमट्याने एक पाकीट उचलत होती.

"हे काय गो?" मी विचारलं.

"अँथ्रॅक्स, काका. समवन इज सेंडिंग इट इन लेटर्स. पीपल डाइड."

"पण असतं कसं ते?"

"व्हाइट पावडर."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

शबाना बातम्या सांगत राहिली. कुठल्या तरी विमानतळावर कोणाच्या बॅगेतून पांढरं काही सांडलं म्हणून सगळी माणसं बाहेर काढली. नंतर ते साधं काहीतरी निघालं, पण तोवर त्या माणसाला बेड्या पडल्या होत्या. वहिनी ओल्या हातांनी दारात उभ्या होत्या. आम्ही एकमेकांकडं बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर माझी सुतळी आली.

"काका?" शबाना म्हणाली. "व्हॉट डिड यू गाइज डू?"

मी सांगितलं. पोरीचा चेहरा टीव्हीच्या उजेडात राखेसारखा झाला. "ही इज अ मुस्लिम मॅन विथ अ टेप्ड टिन ऑफ व्हाइट पावडर," ती म्हणाली. "गोइंग टू न्यूयॉर्क." पाठ केलेला धडा म्हणावा तशी म्हणाली, आणि रडायला लागली.

मी उस्मानच्या मोबाइलला फोन लावला. तो वाटेतच होता. तोंड उघडलं आणि एकदम मनात आलं, फोन ऐकत असतील तर? तेव्हा सगळ्यांनाच असं वाटायचं.

"उस्मान, बॅग उघड."

"कोणाची?"

"नाव घेऊ नको. आत एक वस्तू आहे. पांढरी."

"पांढरी काय? कंदुरा?"

"कंदुरा नाही. तिचंही नाव घेऊ नको."

वहिनींनी फोन ओढून घेतला. "अवो, भाकरी करायच्या आधी जे लागतं ते."

"तवा?" उस्मान म्हणाला. "तव्याचं काय? पुढं पोलीस उभा हाय, ठेवतो."

त्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही.

शबानाला शेजारच्या मलबारी बाईकडं ठेवून आम्ही खाली धावलो. कोपऱ्यावर एक पठाण टॅक्सी पुसत उभा होता. गुलखान त्याचं नाव. मी म्हटलं, "दुबई एअरपोर्ट, यल्ला." त्याने आमची तोंडं बघितली आणि काही न विचारता गाडी काढली. मी आजवर परदेशात एक चहा प्यायलो तरी दिरहमचे रुपये करून हळहळत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा भाडं विचारलं नाही.

गाडीत उर्दू रेडिओ चालू होता. कुठल्या गावावर काय पडलं ते सांगत होता. गुलखान एका हाताने गाडी चालवत होता, दुसरा हात रेडिओच्या कानावर. वहिनी पुटपुटत होत्या. दुआ, मधेच मला शिव्या, मधेच स्वतःला. मीही देवाचं नाव घेतलं. घाईत आमच्या वाडीतल्याबरोबर त्यांच्या वाडीतल्या पिराचंही घेतलं, कारण मामला त्यांच्या मुलाचा होता.

विमानतळ

आम्ही पोचलो तेव्हा उस्मान बाहेर कागदी पेल्यातला चहा पीत एकटाच उभा होता. आम्हाला बघून हसला. "सकीना, तू कशाला आलीस? गेला तो आत. बॅग दिली, पुढं गेला. खलास."

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. चहाचा पेला त्याच्या हातात हळूहळू चेपत गेला. चहा बोटांवरून खाली आला, त्याला कळलं नाही.

"गाठ कसली मारलीस?" एवढंच त्याने विचारलं.

"पेटीची."

तो कठड्यावर बसला. वीस पावलांवर एक पोलीस उभा होता, तरुण, मिशी नुकतीच फुटलेली. मी म्हटलं, "त्याला सांगू या. पीठ आहे म्हणून. बॅग काढून देतील."

"आणि काय सांगू?" उस्मान म्हणाला. "माझ्या पोराच्या बॅगेत पांढरी पावडर हाय, ती मीच सांगतो? विमान थांबंल. त्याला खाली उतरवतील. पीठ हाय हे कळायला दिवस लागतील, आणि त्याच्या नावावर जे लागंल ते जन्मभर नाय निघणार. परत तिकडं पाऊल ठेवता येणार नाय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तिकडं सापडंल."

आम्ही दोघं त्या पोलिसाकडं बघत बसलो. मी उठलो, चार पावलं गेलो. उस्मानने मागून माझा सदरा धरला, लहानपणी व्हाळात धरला होता तसा. मी थांबलो. पोलिसाने आमच्याकडं बघितलं. उस्मानने त्याला सलाम केला. त्यानेही केला. आणि तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं. ते जावेदचं नव्हतं, पण वहिनींनी पदर पसरला.

परत येताना आम्ही तिघं उस्मानच्या गाडीकडं निघालो तेव्हा गुलखान माझ्याजवळ आला. वाटेत त्याने सगळं ऐकलं होतं, आमची भाषा कळत नसली तरी.

"बच्चा गया?"

"गया."

"फोन आएगा," तो म्हणाला. "हमारा गाँव सरहद के उस तरफ है. उधर फोन ही नहीं है. तुम्हारा तो आएगा, इन्शाल्ला."

भाडं त्याने नेहमीचंच घेतलं.

फोन

त्या रात्री कोणी झोपलं नाही आणि त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. टीव्हीवर पुन्हा ओढणी पडली. मी एकही थाप मारली नाही. माझी बायको हे मानणार नाही. फोन वाजला की सगळे उठून उभे राहायचे. एकदा कोणी गिऱ्हाईक कंदुऱ्याची बाही आखूड झाली म्हणून ओरडत होतं. उस्मान त्याला "हबीबी, हबीबी" करत राहिला आणि फोन ठेवल्यावर भिंतीला टेकून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावेदचा फोन आला.

"पोचलो," तो म्हणाला. वहिनींनी फोनचा आवाज मोठा केला होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. "वेळ लागला. प्रश्न विचारले. बॅग उघडली. सगळं ठीक आहे."

"आणि डबा?" वहिनींनी विचारलं. "डबा बघितला त्यांनी?"

क्षणभर तिकडून नुसती खरखर.

"बघितला, आई. वास घेतला. मी म्हटलं, तांदळाचं पीठ. सोडून दिलं."

उस्मानने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. शबानाने मला मारलं, दंडावर, बरंच जोरात. वहिनी हसत होत्या आणि रडत होत्या. त्या दिवशी जेवायला बिर्याणी झाली आणि माझी थापांची पिशवी उघडली. मी सांगितलं की अमेरिकेच्या पोलिसांना गाठ सुटेना, शेवटी लष्कर बोलावलं. सगळे हसले. मला वाटलं, भीती गेली.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन आला. वहिनींनी विचारायच्या आधीच जावेद म्हणाला, "आई, भाकरी केली. मऊ झाली. पहिली मोडली, दुसरी नीट झाली."

"पाणी उकळतं घातलंस ना?"

"घातलं."

"तरीच," वहिनी म्हणाल्या. आठवडाभर त्या शेजारणींना सांगत होत्या, अमेरिकेत आमच्या शेताची भाकरी झाली.

परतीची बॅग

मी निघालो त्या दिवशी सकाळी माझी बॅग खाटेखालून ओढली. येताना गावाचं ओझं घेऊन आलेली, तिथं पहिल्याच दिवशी रिकामी करून ढकलून दिलेली. ती ओढताच कळलं, रिकामी नाही.

आत एक उशीचा अभ्रा होता, तोंड दुमडून ठेवलेलं. त्यात पिठाचा डबा, आणि त्यावर माझी सुतळी होती. गाठ तशीच, कोणी हात न लावलेली. डब्याशेजारी जावेदची नमाजाची टोपी, त्याची जपाची तसबीह, अत्तराची कुपी, वहिनींनी विणलेले मोजे, वहिनींनी पुन्हा भरून दिलेली, आता पुसून कोरडी केलेली लोणच्याची रिकामी बरणी. आणि कापलेल्या दोऱ्याचा ताईत.

मी खाटेवर बसलो. पलीकडं वहिनी माझ्या वाटेसाठी पुऱ्या तळत होत्या आणि शबानाला सांगत होत्या की जावेदला पहिली भाकरी नेहमीच मोडते, हात गरम आहे त्याचा.

मी अभ्रा दुमडला, त्यावर माझी लुंगी टाकली आणि बॅगची चेन ओढली.

मुंबईला साहेबाने डबा दाबून बघितला. "काय आहे?" मी म्हटलं, "पीठ." तो म्हणाला, "आखातातून पीठ?" मी म्हटलं, "तिकडं खूप चांगलं मिळतं." गावात जैतूनने विचारलं, पोचलं का, तेव्हा मी तिला ओटीवर बसवून अमेरिकेतल्या भाकरीची अशी गोष्ट सांगितली की वास शेजारच्या इमारतीपर्यंत गेला आणि गोऱ्या बायका ताटं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. आता ती ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगते. डबा माझ्या आंब्याच्या कोठीत, फळीवर, पेंढ्यात आहे. गाठ मी कापलेली नाही.

सकीनावहिनी मराठी माझ्यापेक्षा गोड बोलतात, पण शिकल्या उर्दू शाळेत. हे त्या वाचणार नाहीत, म्हणूनच इथं लिहिलं. तुमच्यापैकी कोणी अल ऐनला गेलंच, तर खजुराच्या बागा बघा, हाफीतवर जा, आणि मुकादमांकडं जेवायला बसलात आणि त्यांनी विचारलं, तर एवढंच सांगा की दत्ता पेटीवाला भेटला होता, आणि भाकरी मऊच झाली होती.